युनियन काढतोय, पण झेंडा कुणाचा घ्यायचा?

मोल्डिंग_शॉप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत मी मोल्डिंगला आहे. कायम कामगार दीडशेच्या आत, ठेकेदाराची माणसं त्याहून जास्त, त्यात निम्मी ओडिशा-बिहारची. पगारवाढीचा करार संपून बरीच वर्षं झाली, नवा झालेला नाही. दिवाळीला बोनस ८.३३ टक्के, म्हणजे कायद्याने द्यावाच लागतो तेवढाच. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या पोरांनी मास्क मागितला तर सुपरवायझर म्हणतो रुमाल बांध. आता आम्ही काही जणांनी मिळून युनियन काढायचं ठरवलंय. अडलंय एकाच ठिकाणी: जोडून कुणाशी घ्यायचं?

आमच्यात तीन मतं आहेत. जुने मोल्डर म्हणतात लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्टांची युनियन, बिंदू चौकात गेलं की हक्काचा माणूस भेटतो. मशीन शॉपची पोरं म्हणतात भारतीय मजदूर संघ (भामसं), वर सरकार त्यांच्या विचाराचं आहे, काम पटकन होईल. तिसरा गट म्हणतो कुणीच नको, पक्ष आला की कामगार फुटतो.

म्हणून मी या महासंघांचा इतिहास वाचायला घेतला. आयटक ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत निघाली, पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत भारतीय कामगारांचा प्रतिनिधी कोण पाठवणार, हा प्रश्न तेव्हा निमित्त ठरला. सुरुवातीला काँग्रेसवाले, नेमस्त, डावे सगळे तिथेच. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ना. म. जोशींचा गट बाहेर पडला. स्वातंत्र्य दारात आलं तेव्हा, ३ मे १९४७ ला, सरदार पटेलांच्या पाठबळाने इंटक उभी राहिली, ती काँग्रेसची. १९४८ च्या डिसेंबरात समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा. २३ जुलै १९५५ ला भोपाळमध्ये दत्तोपंत ठेंगडींनी भामसं स्थापन केला. १९६४ ला कम्युनिस्ट पक्ष फुटला, आयटक भाकपकडे राहिली आणि १९७० ला माकपची सीटू वेगळी झाली. कारखाना तोच, भट्टी तीच, पगार तोच, पावतीपुस्तकं मात्र पाच.

माझं मत सांगतो. पक्षाशी नातं आहे एवढ्यावरून मी कुठल्याही महासंघाला नाव ठेवणार नाही. त्याचा पक्ष सत्तेवर असताना तो कसा वागला, ते मात्र बघणार. विरोधात असताना सगळेच मोर्चे काढतात.

इंटकचं उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि तो इंटकचा. मालकाशी दुसऱ्या कुणी बोलायचंच नाही. कामगारांचा त्या संघावरचा विश्वास उडाला तरी कायदा त्याला धरून बसला, कारण तो सत्तेतल्या पक्षाच्या सोयीचा होता. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने त्यांची मागणी होती की हा कायदा रद्द करा. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, आणि लालबाग-परळमधून गावाकडे परत आलेल्यांत आपल्या आजरा, चंदगड, भुदरगडची माणसंही होती.

हीच कसोटी बाकीच्यांना लावायची आहे. ज्यांनी आतून काम केलंय त्यांनी लिहा. सगळ्यांनाच शिव्या घालणारे प्रतिसाद नकोत, आम्हाला खरंच निर्णय घ्यायचा आहे.

गंगावेस

चांगला धागा. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं, वर्गणी आयटकची भरली. म्हणून आयटकची कसोटी मीच लावतो.

१९७५ ला आणीबाणी आली. भाकप इंदिरा गांधींच्या पाठीशी होता. त्याच सप्टेंबरात सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ वरून ४ टक्क्यांवर आणला. कामगार चिडला होता, आयटकमध्येही नाराजी होती, पण ज्या सरकारला आपला पक्ष टेकू देतोय त्याच्याविरुद्ध रस्त्यावर कसं उतरणार? बोनस परत आला तो १९७७ ला सरकार बदलल्यावर. तुमच्या फौंड्रीत आज मिळतोय तो ८.३३ चा आकडा असा जाऊन परत आलेला आहे. एवढं एक उदाहरण तुमच्या बाजूने मी देतो.

पण दुसरी बाजूही लिहा. पक्ष नसता तर पूर्णवेळ कार्यकर्ता कुठून आला असता? तुमची दीडशे माणसांची वर्गणी किती, त्यातून एका माणसाचं घर चालेल का? आमच्याकडे गोविंद पानसरे अण्णा होते. त्यांनी स्वतः या गावात वर्तमानपत्रं टाकली, नगरपालिकेत शिपाई म्हणून काम केलं, मग वकिली केली. मोलकरणी, फेरीवाले, पेपर टाकणारी पोरं, यांना मताला आणि वर्गणीला कोण विचारतंय? त्यांच्याबरोबर ते बसायचे. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोननंतर मोकळ्या होतात म्हणून मीटिंग दुपारी. संध्याकाळी लावली तर कोण येणार? हे बारकावे पक्षाचा माणूसच सांभाळू शकतो, कारण त्याला दुसरं काम नसतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला अण्णांवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्या आधी टोलच्या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील सर आणि ते एका व्यासपीठावर. सर शेकापचे, अण्णा भाकपचे, खाली सगळ्या पक्षांची माणसं. टोल गेला ना कोल्हापुरातून? झेंडा प्रत्येकाचा वेगळाच होता तेव्हा.

कणेरीकर_भामसं

मी भारतीय मजदूर संघाचा कार्यकर्ता. धाग्याचा सूर आवडला म्हणून लिहितो.

ठेंगडीजी आधी इंटकमध्ये काम करत होते. तिथे पक्षाचा हात जवळून बघितला, आणि कामगार संघटना पक्षाच्या दावणीला नसावी हा विचार त्यातून पक्का झाला. आम्ही १ मे ऐवजी विश्वकर्मा जयंती पाळतो, जगातल्या कुठल्या गटाला जोडलेलो नाही. सत्तेच्या कसोटीचं म्हणाल तर वाजपेयी सरकार असताना निर्गुंतवणुकीविरुद्ध ठेंगडीजी स्वतः बोलत होते. अर्थमंत्र्यांवर त्यांनी केलेली टीका त्या वेळच्या विरोधी पक्षांहून कडक होती. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चार श्रम संहितांबद्दलही आम्ही डोळे मिटून मान हलवलेली नाही. वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन्हींचं स्वागत केलं, औद्योगिक संबंध आणि कामाची सुरक्षितता या दोन्हींतल्या कलमांवर लेखी आक्षेप नोंदवले.

सदस्यसंख्या बघा. १९८९ च्या सरकारी पडताळणीत आम्ही इंटकला मागे टाकलं, तेव्हा केंद्रात भाजप नव्हता. २००२ च्या आधारावर झालेल्या पडताळणीत ६२ लाखांच्या वर. ती माणसं सत्तेमुळे आलेली नाहीत.

मोल्डिंग_शॉप

कणेरीकर दादा, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. एक विचारतो, राग मानू नका. २ सप्टेंबर २०१५ च्या देशव्यापी संपाच्या कृती समितीत भामसं होता, आणि ऐन वेळी बाहेर पडला. सरकारने आश्वासनं दिली म्हणून वेळ द्यावा, असं कारण दिलं. त्यानंतरच्या संपांतही तुम्ही नव्हता, २०२० ला नाही, २०२२ ला नाही, ९ जुलै २०२५ ला नाही. ठेंगडींचा विरोध मी वाचलाय आणि मानतो. पण तो एका माणसाच्या वजनावर उभा होता की संघटनेच्या नियमावर? माझ्या पोरांना उद्या संप करावा लागला तर कुणाचं वजन बघायचं?

कणेरीकर_भामसं

प्रश्न योग्य आहे. आमचं म्हणणं असं की संप हे शेवटचं हत्यार, आणि राजकीय पक्षांनी ठरवलेल्या तारखेला आम्ही ते उपसत नाही. कारखान्यातल्या संपाचा निर्णय तिथली युनियन घेते. २०१५ बद्दल आमच्यातही दोन मतं होती, हे मी नाकारत नाही.

साचेवाला_इचल

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार. लई लांब इतिहास चाललाय, थोडं जमिनीवर या राव.

आमच्याकडं पगार महिन्याचा नसतो. मजुरी मीटरवर, ५२ पिकाला (पीक म्हंजे कापडाच्या एका इंचातले आडवे धागे) इतके पैसे. रुपयात न्हाई, पैशात. एक माणूस चार साचे, म्हंजे माग, बघायचा, आता सहा-आठ बघतोय. कांडीवाल्या बायका, जॉबर, वहिफणीवाले, सगळ्यांचा दर वेगळा. मालकातबी मोठा वेगळा आणि खर्चीवाला वेगळा. खर्चीवाल्याकडं स्वतःचं सूत नसतं, तोबी दुसऱ्याच्या मजुरीवर जगतोय. अशा ठिकाणी युनियन चालवायला हिशेब यायला पाहिजे. २०१३ ला मोठा संप झाला. त्या करारात महत्त्वाचं ठरलं ते हे, की महागाई भत्ता वाढंल तशी मजुरी दर वर्षी वाढवायची, भत्त्याचं पीस रेटमध्ये रूपांतर करून. आता हे रूपांतर कोण करणार? कागद-पेन्सिल घेऊन बसणारा लाल बावट्याचा माणूस होता म्हणून झालं. त्याचा पक्ष कुठला, दिल्लीत काय करतो, हे साच्यावरच्या माणसानं कधी विचारलं न्हाई.

पुढं मालकांनी ती वाढ दिली का, न्हाई दिली तर युनियन लढली का, हे धरून बसा. दर वर्षी जानेवारी आली की त्यावरनंच भांडण असतंय.

आणि बंगालचं कुणी लिहिलं न्हाई म्हणून लिहितो, मी सीटूचा असूनसुदा. चौतीस वर्षं डाव्यांचं सरकार. २००८ ला मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनीच बंदला जाहीर विरोध केला, पक्षाला त्यांना आवरावं लागलं. आपलं सरकार असलं की गुंतवणूकदार आधी दिसतो, ही सवय कुणालाबी लागते. धागाकर्त्याची कसोटी बरोबर आहे, आमच्यालाबी लावा.

गळीत_हंगाम

तुम्ही सगळे जण महासंघ आणि पक्ष यांचं नातं बोलताय. आमच्या साखर कारखान्यात गोष्ट उलटी आहे. इथे मालकच पक्ष आहे.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी पॅन हाऊसला, म्हणजे साखर शिजवतात तिथे आहे, हंगामी म्हणून लागलो, नंतर कायम झालो. चेअरमन आमदारकी लढवतात. जिल्हा बँकेत त्यांचे लोक, दूध संघात त्यांचे लोक. युनियनचा अध्यक्ष कोण होणार हे बंगल्यावर ठरतं आणि गेट मीटिंगला टाळ्या वाजवून जाहीर होतं. युनियनची पावती वर बघितली तर राज्यातल्या मोठ्या महासंघाची आहे. खाली सगळा कारभार गटाचा. निवडणुकीत चेअरमनने पक्ष बदलला की युनियनचा फलक आठवड्यात रंगवला जातो.

आमचा पगार कारखान्यात ठरतही नाही. राज्यपातळीवर त्रिपक्षीय समिती बसते: एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, मध्ये सरकार. साखर संघाच्या बाजूला बसतात ते चेअरमन लोक. सरकारच्या बाजूला बसतात ते त्यांचेच नेते किंवा नातेवाईक. तिसऱ्या बाजूला आम्ही. करार झाला की पेढे वाटतात, आणि मग कारखानानिहाय अंमलबजावणीत गाडी अडते. थकलेले पगार, हंगामी कामगाराचा ऑफ सीझनचा रिटेन्शन भत्ता, हे मागायला कुणाकडे जायचं? ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच आपला नेता, त्याच्याच सभेला कारखान्याच्या ट्रकमधून आपण गेलेलो असतो. ऊस त्याला घालायचा, पोराला त्याच्या संस्थेत चिकटवायचं, मग त्याच्या विरोधात सही करणार कोण? माझ्या सख्ख्या भावाने थकीत पगाराच्या अर्जावर सही केली, तर आमच्या उसाची तोड पुढच्या हंगामात मागे पडली. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही, टोळी आलीच नाही.

म्हणून दिल्लीतला महासंघ कुठल्या पक्षाचा, हे आमच्या लेखी दुय्यम आहे. लांबचा पक्ष परवडतो. गावातला पक्ष अंगावर येतो. तुमच्या फौंड्रीचा मालक कुठल्या नेत्याजवळचा आहे ते आधी बघा, आणि त्या नेत्याची सावली ज्या युनियनवर पडते ती सोडून दुसरी कुठलीही घ्या.

मोल्डिंग_शॉप

दादा, हे वाचून सुन्न झालो. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आमच्या मालकाचीही ऊठबस आहे, आणि मशीन शॉपच्या पोरांना ज्याने "आमच्याकडे या" म्हटलं तो त्याच वर्तुळातला आहे. म्हणजे महासंघाचं नाव एक आणि प्रत्यक्ष येणारा माणूस एक, हे दोन्ही वेगवेगळं तपासायला हवं.

आशा_करवीर

मी आशा सेविका, करवीर तालुका. बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आम्हाला कायद्याने कामगारच म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. पगार नाही, मानधन. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेत शिफारस झाली होती की सरकारी योजनांवर काम करणाऱ्या सगळ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या. त्या शिफारशीच्या बाजूने लाल बावटा होता आणि भामसंही होता. सगळे एका बाजूला असूनही ते आजवर झालेलं नाही. ती परिषद २०१५ नंतर भरलेलीच नाही, मग सगळे महासंघ एकत्र बसणार कुठे?

आमच्या पदरात जे पडलं ते राज्यातल्या कृती समितीमुळे. वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या, आम्ही आझाद मैदानावर बसलो, थंडीत. मार्च २०२४ ला मानधनात पाच हजारांची वाढ झाली. माझ्या शेजारी बसलेली बाई दुसऱ्या संघटनेची, दुसऱ्या पक्षाला मत देणारी. आम्ही एकाच डब्यातलं खाल्लं. गावी आल्यावर तिच्या नेत्यांनी आणि आमच्या नेत्यांनी वेगवेगळे सत्कार लावले, ते मला आवडलं नाही. दोघींनी दोन्हीकडे जायचं टाळलं.

धागाकर्ते दादा, तुमच्या फौंड्रीत कोअर शॉपला बायका असतील ना? कमिटीत त्यांना घेताय का?

मोल्डिंग_शॉप

ताई, कोअर शॉपला बायका आहेत, पण सगळ्या ठेकेदाराच्या. कमिटीच्या यादीत अजून एकही नाव नाही. यादी पक्की झालेली नाही, हा मुद्दा उद्याच मांडतो.

कोर्टाची_पायरी

मी कामगार कायद्याची वकिली करते. वरची चर्चा वाचली, थोडी कायद्याची भर घालते, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या आणि बरंच काही बदललंय.

नोंदणीला १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तो लागतो, मात्र सातच्या खाली नाही. तिथे तुम्हाला अडचण नाही. खरी अडचण मान्यतेची. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याखाली ३० टक्के सदस्य दाखवून औद्योगिक न्यायालयातून मान्यता घेता यायची. संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के असणारीच एकमेव वाटाघाटीची युनियन. तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. म्हणजे तुमच्या जुन्या मोल्डरांनी लाल काढली आणि मशीन शॉपने भगवी, तर बोलणी करायला तुम्ही परिषदेत शेजारी शेजारी बसणार, आणि मालक दोघांकडे बघून हसणार. झेंड्याचा निर्णय कुठलाही घ्या, पण एकच घ्या.

संपासाठी आता सगळ्याच उद्योगांत १४ दिवस आधी नोटीस. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा १०० होती. कोल्हापूरच्या बहुतेक फौंड्र्या या ओळीच्या खाली येतात. तेव्हा कागदावरच्या कायद्यापेक्षा एकजुटीवरच जास्त भिस्त ठेवावी लागेल, आणि केसचं काम करणारी माणसं ज्या महासंघाकडे आहेत तो उपयोगाचा. एक बरं झालंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. औद्योगिक न्यायालयाच्या निकालावर रिट करायला मुंबईला खेटे घालायला नकोत. गरीब युनियनला त्या प्रवासाचाच खर्च जड जायचा.

आता पक्षाच्या मुद्द्यावर, कारण धागा त्याचाच आहे. १९२६ च्या कायद्यापासून एक तरतूद आहे आणि ती संहितेतही ठेवलेली आहे. युनियनच्या सर्वसाधारण निधीतून राजकारणाला पैसा देता येत नाही. राजकीय कामासाठी निधी वेगळा ठेवावा लागतो, त्याची वर्गणी ऐच्छिक, आणि ती भरली नाही म्हणून सदस्याला कुठल्याही हक्कातून वगळता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या युनियनचे हिशेब मी बघते. असा वेगळा निधी मला क्वचित दिसलाय. मेळाव्याच्या गाड्या, बॅनर, सगळं एकाच वहीत. तुम्ही ज्यांच्याशी जोडून घ्याल त्यांना पहिल्या दिवशी सांगा की ही वही वेगळी राहील.

दुसरं, तुमच्या घटनेतच लिहून घ्या की करारावर सही करण्याआधी मसुदा गेटवर वाचून दाखवायचा आणि गुप्त मतदान घ्यायचं. बाहेरचे पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यात कमी असेल तेवढेच घेता येतात, बाकी सगळे आतले. सहीचा अधिकार आतल्यांकडे ठेवा.

गंगावेस

वकीलताईंच्या मतदानाच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. उद्यमनगरात आम्ही हात वर करून मत घ्यायचो. मालकाचा माणूस कोपऱ्यात उभा राहून बघायचा कुणाचा हात वर आहे. चिठ्ठ्या टाकायला लागलो त्या वर्षी करार नाकारला गेला आणि दुसऱ्यांदा बोलणी करून वाढ जास्त मिळाली.

कणेरीकर_भामसं

वेगळी वही, गेटवर मतदान, सही आतल्यांची. या तिन्ही अटी लेखी द्या, मी आमच्या जिल्हा कार्यालयात ठेवतो. नाही म्हणाले तर तेही इथे येऊन सांगेन.

साचेवाला_इचल

आमच्याकडंबी ठेवा. बिंदू चौकातल्यांनी नकार दिला तर ते मला सांगा, मी भांडतो.

मोल्डिंग_शॉप

दोघांचेही मनापासून आभार. असं करतो: एकाच मजकुराचं पत्र दोन्हीकडे देतो. वकीलताईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी, आणि चौथी माझी: तुमच्या पक्षाचं सरकार असताना आमच्या कारखान्यात संप झाला, तर तुमचा जिल्ह्याचा पदाधिकारी गेटवर येणार का? उत्तर सहीनिशी द्यायचं. ती उत्तरं कामगारांसमोर वाचू आणि चिठ्ठ्या टाकू.

वकीलताई, एक राहिलं. ५१ टक्के कशाचे? ठेकेदाराची माणसं मोजली जातात का? आमच्याकडे तीच जास्त आहेत.

कोर्टाची_पायरी

कंपनीच्या मस्टरवर असलेल्या कामगारांचे. ठेकेदाराचं मस्टर वेगळं, त्यामुळे कंपनीशी बोलणी करताना ती माणसं तुमच्या ५१ टक्क्यांत धरली जाणार नाहीत. सदस्य मात्र त्यांना करून घेता येतं, आणि घ्याच. पोअरिंगला आणि फेटलिंगला तीच आहेत. ती आत राहिली तर तुमचा संप दुसऱ्या पाळीपर्यंतही टिकणार नाही. हजेरी कार्ड, पीएफ नंबर, पगाराची स्लिप, जे असेल त्याचे फोटो आत्ताच काढून ठेवायला सांगा. युनियनची बातमी फुटली की ठेकेदार आधी कार्डं गोळा करतो.

मोल्डिंग_शॉप

कळलं. आजच्या दुसऱ्या पाळीपासून फोटो काढायला सुरुवात करतो. सदस्यत्वाचा अर्ज मराठीबरोबर हिंदी आणि ओडियात छापायचा आहे. हिंदी जमेल, ओडिया लिहिणारं आमच्यात कुणी नाही. कागल किंवा शिरोलीच्या बाजूला कुणाच्या ओळखीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. छपाईचा खर्च आम्ही बघतो.